रेक्झिनवाल्याचा बूट

रविवारी सकाळी केमिस्टसाहेबांनी दाढी केली नाही, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं की येणारा पाहुणा त्यांना मान्य नाही. एरवी ते पेपर टाकणाऱ्यासमोरसुद्धा दाढी केल्याशिवाय जात नसत.

पाहुणा दुपारी जेवायला येणार होता. लेकीनेच बोलावला होता. दोघांचं आपापसात सगळं ठरल्यात जमा होतं, पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, असा लेकीचा हट्ट होता. मुलगा शिकलेला होता, सरळ होता, हसतमुख होता. खोट एकच होती. तो रेक्झिनच्या कारखान्यात केमिस्ट होता.

"दारू पितो म्हणाली असतीस तर मी समजून घेतलं असतं," केमिस्टसाहेब चहाचा कप आपटत म्हणाले. "पण नकली चामडं?"

"बाबा, आता त्याला सिंथेटिक लेदर म्हणतात."

"म्हणू देत की. उद्यापासून मीही स्वतःला राजा म्हणवून घेतो. सिंहासन कुठे ठेवायचं तेवढं तुझ्या आईला विचार."

"आधी दाढी करा," बायको आतून म्हणाली. "राजाचं नंतर बघू."

केमिस्टसाहेबांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांची सगळी हयात टॅनरीत, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यात, गेली होती, आणि तीसुद्धा क्रोम विभागात. कच्चं कातडं म्हणजे सडायला टपलेली वस्तू. पण क्रोमचे क्षार एकदा त्याच्या धाग्याधाग्यात शिरले की धागे असे घट्ट बांधले जातात, की मग ते कातडं सडत नाही, फुगत नाही आणि उकळत्या पाण्यात टाकलं तरी आखडत नाही. हे शेवटचं केमिस्टसाहेबांच्या विशेष अभिमानाचं. टॅनरीत रोज सकाळी ते ड्रममधून निघालेल्या, क्रोमने निळ्या झालेल्या चामड्याचा तुकडा कापून उकळत्या पाण्यात सोडत आणि मागे हात बांधून बघत उभे राहत. तुकडा जसाच्या तसा राहिला की त्यांना जग जागच्या जागी असल्यासारखं वाटे, आणि मगच ते चहा मागवत.

झाडाच्या सालींच्या पाण्यात महिनोन्‌महिने कातडी भिजवत बसणारे जुन्या पद्धतीचे लोकही अजून होते, पण त्यांचा विषय निघाला की केमिस्टसाहेब नुसते हसत. रेक्झिनचा विषय निघाला की मात्र ते हसतही नसत.

दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. त्याने वाकून पायातले बूट काढले, दाराशेजारच्या मांडणीवर अगदी सरळ रेषेत ठेवले, आणि मग सगळ्यांना नमस्कार केला. बूट गडद तपकिरी होते, आरशासारखे चकचकीत. केमिस्टसाहेबांनी मुलाकडे बघायच्या आधी बुटांकडे बघितलं.

"बूट छान आहेत. कसले आहेत?"

मुलगा अडखळला. क्षणभरच, पण अडखळला. "चामड्याचेच आहेत, काका."

"च?"

"म्हणजे, चामड्याचे आहेत."

केमिस्टसाहेब "हं" म्हणाले. हा त्यांचा "हं" टॅनरीत प्रसिद्ध होता. तो ऐकून कच्च्या मालाचे व्यापारी आपणहून माल परत गाडीत भरत.

त्यांनी पाहुण्याला हॉलमधल्या मोठ्या आरामखुर्चीत बसवलं. ही खुर्ची म्हणजे त्यांचं दैवत. घरातलं दुसरं कोणी तिच्यात बसलं तर ते काही बोलत नसत, पण माणूस उठेपर्यंत समोर उभे राहत. आज मुद्दाम पाहुण्याला तिच्यात बसवलं होतं, ते त्याला लाजवण्यासाठी.

"हात फिरवून बघा. हे चामडं. अस्सल. हाताला कळतं."

मुलाने बैठकीवरून हात फिरवला, मग हाताच्या टेकणीवरून, मग मागे वळून पाठीवरून. पाठीवर त्याचा हात जरा जास्त वेळ थांबला. "वा," तो म्हणाला, पण भुवया थोड्या आक्रसल्या होत्या.

केमिस्टसाहेब तडक स्वयंपाकघरात गेले. बायको सूप ढवळत होती.

"खोटं बोलतोय," ते कुजबुजले. "बूट चामड्याचे आहेत म्हणतो."

"असतील."

"रेक्झिनवाल्याच्या पायात चामडं? त्याच्याच कारखान्याचा माल आहे तो. आणि मला, मला सांगतो चामडं म्हणून! हे बघ, मी आजच निकाल लावतो. बूट खरे निघाले तर लग्नाला माझी हरकत नाही, पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. पण खोटे निघाले, तर जो माणूस बुटाबद्दल खोटं बोलतो त्याला मी मुलगी देणार नाही."

"तुम्ही द्यायला ती काय पार्सल आहे? आणि निकाल कसला लावताय? जेवायला बोलावलंय त्याला." बायकोने गॅस बारीक केला. "मी शेजारून काचेचे ग्लास घेऊन येते. तिलाही नेते मदतीला. तुम्ही बाहेर जाऊन बसा त्याच्याजवळ. माणसासारखं बोला."

मायलेकी शेजारी गेल्या. केमिस्टसाहेबांच्या थोरल्या बहीण, घरातल्या सगळ्यांच्या आत्याबाई, आपल्या खोलीत चष्मा शोधत होत्या. हे काम त्या रोज करत आणि त्याला पुष्कळ वेळ लागे. पाहुणाही दाराकडे पाठ करून खुर्चीत काहीतरी निरखत होता. मैदान मोकळं होतं. केमिस्टसाहेब पावलांचा आवाज न करता दारापर्यंत गेले, मांडणीवरचा उजवा बूट उचलला आणि सदऱ्याखाली धरून स्वयंपाकघरात परतले.

आधी त्यांनी बुटावर पाण्याचा थेंब टाकला. खरं चामडं थेंब पिऊन टाकतं. हा थेंब मोत्यासारखा ऐटीत बसून राहिला. केमिस्टसाहेबांचे डोळे चमकले. पण वर पॉलिश होतं, आणि पॉलिशवर कुठलाही थेंब बसतो, हे त्यांच्यातल्या प्रामाणिक शास्त्रज्ञाला मान्य करावं लागलं. जाळून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, पण भोक पडलं असतं. मग उरली ती त्यांची रोजची, हुकमी, लाडकी परीक्षा. चामडं असेल तर ते क्रोमचंच असणार, आणि क्रोमचं चामडं उकळत्या पाण्यात हूं की चूं करत नाही. रेक्झिन असेल तर मऊ पडेल, लोळागोळा होईल. फक्त टोक बुडवायचं, बघायचं, पुसायचं आणि बूट जागेवर नेऊन ठेवायचा. कोणाला पत्ताही लागणार नाही.

त्यांनी सुपाच्या पातेल्याच्या जोडीचं दुसरं मोठं पातेलं काढलं, पाणी भरून शेजारच्या शेगडीवर ठेवलं, आणि चिमट्याने बुटाची टाच धरून टोक पाण्यात सोडलं. पाणी अजून नुसतं कोमट होतं. बूट शांत होता. केमिस्टसाहेबही शांत होते. सवयीने त्यांनी एक हात मागे बांधलासुद्धा.

तेवढ्यात बाहेर दार वाजलं आणि बायकोचा आवाज आला. "अगंबाई! तुम्ही एकटेच बसलात? अहो! पाहुण्याला एकटं सोडून कुठे गेलात?" आणि पावलं स्वयंपाकघराकडे वळली.

पाणी गळणारा बूट घेऊन माणूस कुठे जाणार? केमिस्टसाहेबांनी चिमटा सोडला. बूट बुडाला. वर झाकण ठेवलं आणि ते दारातच बायकोला आडवे गेले.

"चल, चल, बाहेरच जाऊ. मी त्यांच्याजवळच निघालो होतो."

बायकोला त्यांच्या तोंडून "त्यांच्याजवळ" असा आदरार्थी शब्द ऐकून इतका आनंद झाला की तिने दुसरं काही विचारलंच नाही. ती टेबल मांडायला लागली.

हॉलमध्ये दोघे समोरासमोर बसले. केमिस्टसाहेबांचं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. मुलगाही मघापेक्षा अवघडलेला वाटत होता. पाठ खुर्चीला अगदी चिकटवून तो ताठ बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"उकडतंय का?" केमिस्टसाहेबांनी विचारलं.

"नाही नाही. तुम्हाला?"

"छे! मला कशाला उकडेल?"

दोघांनीही रुमाल काढून घाम पुसला.

मध्यंतरी आत्याबाईंनी चष्म्याचा नाद सोडून स्वयंपाकघराचा रस्ता धरला होता. या घरात कोणालाच मिठाचा अंदाज नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि रोज एकदा तरी त्या चालून जाऊन प्रत्येक पातेल्यात मीठ घालत. आजही त्यांनी पहिलं झाकण उचललं, मीठ घातलं. दुसरं झाकण उचललं. आतलं पाणी आता चांगलं खदखदत होतं आणि छान तपकिरी झालं होतं. त्यातही मीठ घातलं, ढवळलं, आणि डाव कशाला तरी अडल्यावर "भाज्या बऱ्याच मोठ्या चिरल्यात" असं म्हणून कप भरला. बाहेरचं पोर मघापासून कोरडं बसलंय आणि कोणाला काही आहे का, अशी त्यांना कळकळ वाटली होती.

"घे रे बाळा, गरम गरम सूप घे," त्या हॉलमध्ये येत म्हणाल्या. "या घरात जेवायला वेळ लागतो."

केमिस्टसाहेबांनी कपात डोकावायला मान उंचावली, पण तोवर मुलाने मोठ्यांचा मान राखून एक घोट घेतला होता.

मुलगा थांबला. त्याने जीभ टाळूला लावून पाहिली. आत्याबाई समोर उभ्याच होत्या, म्हणून त्याने दुसराही घोट घेतला.

"कसं झालंय?"

"छान आहे," मुलगा म्हणाला. "थोडं तुरट आहे."

"तुरट कसं असेल? मीठ मी स्वतः घातलंय."

मुलाने कपाकडे पाहिलं, मग केमिस्टसाहेबांकडे पाहिलं, आणि एकाएकी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा तुझी परीक्षा घेतल्याशिवाय राहणार नाहीत, असं त्याला लेकीने चार वेळा बजावलं होतं. ही परीक्षा! त्याने खुर्चीत सावरून बसत, पाठ मात्र जराही न हलवता, तिसरा घोट तोंडात घोळवला.

"काका, हे टॅनिन आहे. बरोबर? झाडाच्या सालीचं. कुठल्या झाडाचं ते नुसत्या चवीवर नाही सांगता येणार. बरोबर थोडं मेण आहे, आणि तेल." तो नम्रपणे हसला. "माझं शिक्षण चामड्याचंच झालंय, काका. नोकरी तेवढी रेक्झिनमध्ये लागली. पण क्रोम नाही हे. क्रोम नक्की नाही."

केमिस्टसाहेबांच्या मनात विचारांची गाडी एकेक स्टेशन घेत निघाली. कपात टॅनिन. टॅनिन आलं पातेल्यातून. पातेल्यात बूट. बुटात सालीचं टॅनिन म्हणजे बूट चामड्याचा. अस्सल चामड्याचा! पोरगा खरं बोलत होता. पण सालीत कमावलेलं चामडं, क्रोमचं नव्हे. आणि सालीत कमावलेलं चामडं पाणी उकळायच्या बरंच आधी, सत्तर-ऐंशी अंशांवरच...

ते ताडकन उठले, मुलाच्या हातातला कप हिसकावून घेतला आणि स्वयंपाकघरात धावले.

"उत्तर चुकलं का?" मुलाने घाबरून आत्याबाईंना विचारलं.

"त्याचं काही मनावर घेऊ नकोस," आत्याबाई म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच आहे. दुसऱ्याचा कप हिसकावतो."

केमिस्टसाहेबांनी झाकण उचललं. चिमट्याने बूट वर काढला. तळवा होता तेवढाच होता, पण वरचं सगळं चामडं आखडून निम्मं झालं होतं, त्यामुळे अख्खा बूट पुढून आणि मागून वर वळून होडीसारखा दिसत होता. रंग काळपट. हात लावावा तर लाकूड. लेसची भोकं एकमेकांना चिकटली होती.

"हे काय आहे?" मागून बायकोचा आवाज आला.

"बूट."

"कोणाचा?"

केमिस्टसाहेबांनी भुवईनेच हॉलकडे खूण केली.

बायकोने बुटाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. "माझ्या सुपाच्या पातेल्यात?"

"सुपाचं नाही. त्याच्या जोडीचं."

"जोडीचं! आईने दिलेलं पातेलं ते! अहो, जगातले लोक बूट पॉलिश करतात, फार तर उन्हात ठेवतात. तुम्ही शिजवायला घेतलात?"

"मी फक्त टोक बुडवणार होतो. तू हाक मारलीस."

"म्हणजे आता चूकही माझीच."

केमिस्टसाहेबांनी एक बटाटा बुटात कोंबून बूट सैल करायचा प्रयत्न केला. बटाटा आत गेला आणि तिथेच अडकला. तेल चोळून पाहिलं. काही उपयोग नव्हता, आणि तो नसणार हे जगात त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं? एकदा आखडलेला धागा पुन्हा सरळ होत नाही, हे वाक्य ते नवशिक्यांना दर वर्षी फळ्यावर लिहून देत.

"एक उपाय आहे," ते शेवटी हळूच म्हणाले. "डावा बूटही टाकू या. निदान जोडी तरी जुळेल."

बायकोने नुसता चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि गॅस बंद केला.

"मग कुत्र्याने नेला म्हणू."

"कुठल्या कुत्र्याने? वरच्या मजल्यावरच्या? त्याला दात नाहीत."

"बरं, जेवण होईपर्यंत तरी गप्प राहू दे मला. जेवला की सांगतो. आई शप्पथ सांगतो." केमिस्टसाहेबांचा चेहरा एवढासा झाला होता. "अगं, पोरगा खरं बोलत होता गं. मी त्याला खोटा ठरवायला निघालो, आणि आता पोरीसमोर कुठल्या तोंडाने..." लेकीचं लग्न मोडायचं तर ते मुलाच्या खोटेपणामुळे मोडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. सासऱ्याने जावयाच्या बुटाचं सूप करून त्यालाच पाजलं, या कारणाने मोडेल असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

ते बाहेर आले. आता पाहुण्याने दाराकडे जाता कामा नये, एवढं एकच त्यांना कळत होतं.

"चला, पानं घेतलीत," लेक म्हणाली. "ये रे, इकडे बस."

मुलगा हलला नाही. "मी... मी इथेच बसलो तर चालेल का?"

"इथे? खुर्चीत?"

"फारच आरामशीर खुर्ची आहे."

"बसू दे, बसू दे!" केमिस्टसाहेब घाईघाईने म्हणाले. "बसा तुम्ही. अगदी उठायचं नाही. ताट इकडेच आणा त्यांचं."

केमिस्टसाहेबांचा जीव भांड्यात पडला. बूट तिथे आधीपासूनच होता.

लेकीने बापाकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसून कोणी बिस्किट खाल्लं तरी बाबा खाली पेपर धरतात, आणि आज रस्साभाजीचं ताट? तिने मुलाकडे पाहिलं. तो ताटासाठी हातही नीट पुढे करत नव्हता, भिंतीला टेकवलेल्या फळीसारखा बसला होता. पण दोघांमध्ये इतकं गूळपीठ जमलेलं बघून तिला गलबलून आलं, आणि तिने काही विचारलं नाही. जेवणभर तेच चाललं. मुलगा जरा चुळबुळला की केमिस्टसाहेब ओरडत, "बसा, बसा!" आणि मुलगा म्हणे, "बसलोय, बसलोय!" पाणी आणायला चौघे धावत. हात धुवायला बादली आणि तांब्यासुद्धा खुर्चीपाशी आला. आत्याबाईंना वाटलं, मुलाच्या पायात काहीतरी व्यंग आहे आणि घरातल्यांनी ते आपल्यापासून लपवलंय. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत त्याला "असू दे हो, असू दे" असं समजावलं.

जेवण संपलं. गोड संपलं. गोडावरचं पाणी संपलं. केमिस्टसाहेबांनी हवामानाचा विषय काढला आणि तोही संपला.

"चल, आपण जरा फिरून येऊ," लेक मुलाला म्हणाली. "ऊठ."

"फिरायला?" मुलगा आणि केमिस्टसाहेब एकदमच म्हणाले.

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. बायको बाहेर आली. तिच्या हातात एक चिनी मातीची बशी होती, आणि बशीत, बटाट्यासकट, तो बूट होता. सकाळपासून राबून, बूट शिजलेलं पातेलं घासून, शिवाय हसतमुख राहून तिची सहनशक्ती संपली होती.

"हा तुमचा बूट," ती मुलाला म्हणाली. "यांनी उकळला. तुम्ही प्यायलात तेही तेच."

लेकीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

केमिस्टसाहेब उभे राहिले. टॅनरीत ज्यांच्यापुढे मुकादम चळचळा कापत, ते आज शाळेतल्या पोरासारखे हात समोर बांधून उभे होते. "माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही खोटं बोलताय. बूट चामड्याचे नाहीत असं वाटलं. म्हणून परीक्षा... तुम्ही खरं बोललात. खोटा मी ठरलो."

मुलाने बशी हातात घेतली. बूट फिरवून फिरवून पाहिला. मग त्याने मान वर केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भलतीच चमक होती.

"काका, किती अंशांवर आखडला?"

"तेच तर!" केमिस्टसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "तेव्हा मी नेमका बाहेर तुमच्याशी बोलत होतो."

"अरेरे. थर्मामीटर तरी ठेवायचा होता."

"हो ना!"

"पण काका, मला खरं सांगायचंय." मुलाने बशी खाली ठेवली. "बूट चामड्याचे आहेत, पण माझे नाहीत. आमच्या जनरल मॅनेजरसाहेबांचे आहेत. जन्मभर रेक्झिन विकलं, पण पायात कोणा म्हाताऱ्या कारागिराकडून सालीतल्या चामड्याचेच बूट करवून घेतात. ऑफिसात माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तुमच्या दारात रेक्झिनचे बूट घालून यायची माझी छाती झाली नाही, म्हणून मागून आणले. आणि..." तो खुर्चीतून हळूहळू उठला. "आणि आणखी एक आहे."

तो बाजूला झाला. खुर्चीच्या पाठीवर, बरोबर मध्यभागी, तळहाताएवढा पांढुरका डाग होता. तिथला रंग साफ उडाला होता.

"तुम्ही आत गेलात तेव्हा केलं," मुलगा म्हणाला. "हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. मला राहवलं नाही. खिशात ॲसिटोनची बाटली असते माझ्या, रंग विरघळतो त्याने. म्हटलं, फक्त एक थेंब लावून बघावं. तो पसरला. पुसायला गेलो, तर आणखी पसरला."

केमिस्टसाहेब खुर्चीवर वाकले. नाक डागाला टेकेपर्यंत वाकले. रंगाखाली त्यांना उभे-आडवे धागे दिसत होते. विणलेले.

"हे... कापड आहे?"

"पाठ रेक्झिनची आहे, काका," मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसा. "बैठक आणि हात मात्र अस्सल आहेत. अगदी अस्सल."

ज्या खुर्चीला पाठ टेकून केमिस्टसाहेबांनी आजवर रेक्झिनला शिव्या घातल्या होत्या, तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डागावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि सावकाश वळले.

"कापसाने लावलंस की कपड्याने?"

"कापसाने."

"तरीच पसरलं. काडीच्या टोकाने लावायचं असतं रे, गाढवा."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. बाबा त्याला अरे म्हणाले होते. गाढवसुद्धा म्हणाले होते. टॅनरीत ते फक्त आवडत्या माणसांना गाढव म्हणत.

"पण हाताला कळलं तुला?" केमिस्टसाहेब त्याच्या खांद्यावर हात टाकत म्हणाले. "नुसत्या हाताला? आणि टॅनिन जिभेला? मीठ घातलेलं असताना? अगं, ऐकलंस का? हिरा आहे हिरा! माझ्याकडून हो. मनापासून हो! तारीख काढा."

सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं. ती बशीतल्या होडीकडे बघत होती. मग खुर्चीवरच्या डागाकडे. मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या त्या दोघांकडे.

"मला जरा विचार करायचाय," ती म्हणाली.

"आता कसला विचार? मी हो म्हणतोय ना!"

"म्हणूनच," लेक म्हणाली. "एकाच वेळी, एकाच घरात, एक जण आत बूट शिजवत होता आणि एक जण बाहेर खुर्ची सोलत होता. आई, मला खरंच जरा विचार करू दे." आणि ती आईच्या मागोमाग आत निघून गेली.

मुलाचा चेहरा पडला. केमिस्टसाहेबांचा त्याहून पडला. ज्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायची त्यांची तयारी नव्हती, त्याच्यासाठी आपल्याच लेकीची मनधरणी करायची पाळी आली होती. त्यांनी त्याला आपल्या चपला दिल्या, तो डावा बूट काखेत मारून निघाला, तसे ते त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"धीर सोडू नकोस. मी बोलतो तिच्याशी."

"काका, तुम्ही काकूंना कसं तयार केलंत?"

केमिस्टसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? लग्न होईपर्यंत मी टॅनरीत कामाला आहे हे तिला सांगितलंच नव्हतं. नुसतं केमिस्ट म्हणालो. तिला वाटलं, औषधांचं दुकान असेल. अजून तिला पत्ता नाही, की मी तेव्हा मुद्दाम..."

"पहिल्याच भेटीत कळलं होतं!" वरून आवाज आला. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको उभी होती आणि शेजारी लेक. "बागेतल्या बाकावर शेजारी येऊन बसलात ना, तेव्हाच. वास येत होता!"

केमिस्टसाहेबांनी मान वर केली. "मग तरी हो म्हणालीस?"

"मला वाटलं, धुतल्यावर जाईल."

वर खिडकीत लेक आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली, ती हसतच राहिली. मग डोळे पुसत तिने खाली वाकून हाक मारली, "अरे, थांब. फिरायला जायचं होतं ना? आले मी."